खगोलशास्त्र ऑलिंपियाडला बसायचंय? मग अभ्यास या क्रमाने करा

खगोलशास्त्राच्या ऑलिंपियाडला बसायचं ठरलं की बहुतेक मुलं कृष्णविवरांवरचे व्हिडिओ बघायला घेतात. ओढ तिथूनच लागते, त्यामुळे त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण प्रश्नपत्रिकेत विचारलेलं असतं ते वेगळंच. अमुक अक्षांशावरून तमुक तारा किती तास क्षितिजाच्या वर राहील? दोन ताऱ्यांचा मिळून प्रकाश किती प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचं माप) दिसेल? उपग्रहाची कक्षा बदलायला किती वेग वाढवावा लागेल? इथे माहितीचा साठा फार उपयोगी पडत नाही.

मी अकरावी-बारावीत या परीक्षा दिल्या, मानखुर्दच्या निवड शिबिरात राहून आलो, आणि आता सुट्टीच्या दिवशी काही मुलांबरोबर प्रश्न सोडवत बसतो. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: आधी आकाशाची भूमिती, मग गुरुत्वाकर्षण, मग प्रकाश, आणि विश्वाचा जन्म अगदी शेवटी. हा क्रम उलटा केलात तर सहा महिने वाचूनही पहिला प्रश्न सुटत नाही.

## १. आधी परीक्षेचे टप्पे समजून घ्या

पहिली पायरी एनएसईए, म्हणजे खगोलशास्त्राची देशपातळीवरची चाळणी परीक्षा. ही परीक्षा भौतिकशास्त्र शिक्षकांची संघटना, म्हणजे आयएपीटी, घेते. नोंदणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांच्या संकेतस्थळावर होते आणि परीक्षा नोव्हेंबरमध्ये असते. गेल्या काही वर्षांत स्वरूप असं राहिलं आहे: दोन तास, ६० प्रश्न, २१६ गुण. पहिल्या ४८ प्रश्नांत एकच पर्याय बरोबर, त्याला ३ गुण आणि चुकल्यास १ वजा. उरलेल्या १२ प्रश्नांत एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात. सगळे बरोबर पर्याय निवडले आणि एकही चुकीचा निवडला नाही, तरच ६ गुण. या भागात वजा गुण नाहीत, म्हणून तो कोरा सोडू नका.

दुसरी पायरी आयएनएओ, म्हणजे राष्ट्रीय खगोलशास्त्र ऑलिंपियाड, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. ही होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची परीक्षा. इथे पर्याय नसतात, पूर्ण उत्तर लिहावं लागतं आणि विचारांच्या प्रत्येक टप्प्याला गुण असतात. इथे निवडलेल्या मुलांचं उन्हाळ्यात मानखुर्दला केंद्राच्या आवारात निवड शिबिर होतं. त्यातून पाच जणांचा भारतीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला, म्हणजे आयओएएला जातो. ती स्पर्धा २००७ साली थायलंडमध्ये सुरू झाली. भारतात ती २०१६ साली भुवनेश्वरला आणि २०२५ साली मुंबईत भरली.

फसगत इथे होते: बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत या परीक्षेची सूचना फलकावर लागतच नाही. कुणी सांगेल म्हणून थांबू नका. जुलैपासून दर आठवड्याला आयएपीटी आणि होमी भाभा केंद्र यांची संकेतस्थळं स्वतः उघडून पाहा. जन्मतारखेची मर्यादा दरवर्षी पुढे सरकते, त्यामुळे दादाच्या किंवा ताईच्या वेळचा नियम तुम्हाला लागू होईलच असं नाही. दहावीत असाल तर ज्युनियर सायन्सची परीक्षा आणि ही परीक्षा, दोन्ही देता येतात का, ते त्या वर्षीच्या नियमांत वाचूनच अर्ज भरा.

## २. गणित आणि अकरावीचं भौतिकशास्त्र पक्कं करा

एनएसईएच्या प्रश्नपत्रिकेचा मोठा हिस्सा गणित आणि भौतिकशास्त्राचा असतो. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, शंकुच्छेद, विशेषतः लंबवर्तुळ, आणि सदिश हे हातखंडा झालं पाहिजे. भौतिकशास्त्रात गतीचे नियम, ऊर्जा, कोनीय संवेग, गुरुत्वाकर्षण, उष्णता, प्रकाशशास्त्र, आणि बारावीतलं अणूचं व केंद्रकाचं प्रकरण. पाठ्यपुस्तक बालभारतीचं असो की एनसीईआरटीचं, त्यातली उदाहरणं आधी पूर्ण सोडवा.

जेईईची तयारी करणाऱ्यांना वाटतं की हे आपोआप होऊन जाईल. बऱ्याच अंशी होतंही. उणीव राहते ती अंदाजाच्या सवयीची. आयएनएओला ‘साधारण किती’ अशा धाटणीचे प्रश्न येतात. सूर्याच्या पोटात किती पृथ्वी मावतील, सूर्य एका सेकंदाला किती वस्तुमान प्रकाशात घालवतो, हे कागदाच्या कोपऱ्यात दोन मिनिटांत काढता आलं पाहिजे. सूर्याचं वस्तुमान, पृथ्वीची त्रिज्या, सूर्य-पृथ्वी अंतर, प्रकाशाचा वेग अशा दहा-बारा संख्या पाठच असू द्या. कॅल्क्युलेटर चालतो की नाही ते त्या वर्षीच्या सूचनांत पाहा, पण सराव हातानेच करा.

कलनशास्त्र अजून शिकला नसाल तर अडून बसू नका. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शालेय पातळीच्या गणित-भौतिकशास्त्रावर बेतलेला आहे. कलन येत असेल तर काही गोष्टी लवकर कळतात, एवढंच.

## ३. खगोल समजून घ्या: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

संपूर्ण तयारीत एकच विषय मनापासून करायचा असेल तर हा करा. खगोल म्हणजे आपल्याभोवती कल्पिलेला आकाशाचा गोल. एक रबरी चेंडू आणि पेन घ्या, चेंडू हाच खगोल. चेंडूवर वैषुविकवृत्त (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरचं आकाशातलं वर्तुळ) काढा, त्याच्याशी साडेतेवीस अंशांचा कोन करणारं आयनिकवृत्त (सूर्याचा वर्षभराचा मार्ग) काढा, दोन्ही जिथे छेदतात तिथे वसंतसंपात आणि शरदसंपात लिहा. मग तुमच्या गावाचं क्षितिज काढा. विषुवांश आणि क्रांती (खगोलावरचे रेखांश-अक्षांश), उन्नतांश आणि दिगंश (क्षितिजापासूनची उंची आणि दिशा), होराकोन (याम्योत्तरापासून, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेपासून तारा किती सरकला तो कोन) आणि नाक्षत्र वेळ (ताऱ्यांवरून मोजलेली वेळ) हे सहा शब्द त्या चेंडूवर बोट ठेवून समजावता येईपर्यंत पुढचं प्रकरण उघडू नका.

नंतर आपल्याच गावाचे आकडे घालून पाहा. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे तुमचा अक्षांश: मुंबईत साधारण १९ अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. आता अगस्त्य घ्या, म्हणजे कॅनोपस. त्याची क्रांती दक्षिणेकडे ५२.७ अंश. पुण्याहून तो जास्तीत जास्त किती वर येईल? नव्वदातून साडेअठरा आणि ५२.७ वजा करा, उरतात जेमतेम १९ अंश. किती वेळ दिसेल? उगवताना होराकोनाची कोज्या (cos) ही अक्षांशाची स्पर्शज्या (tan) गुणिले क्रांतीची स्पर्शज्या, आणि पुढे उणे चिन्ह. दक्षिणेकडची क्रांती उणे धरायची. पुण्यासाठी होराकोन सुमारे ६४ अंश येतो, म्हणजे अगस्त्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साडेआठ तास. उत्तरेकडे ३७ अंशांच्या पलीकडे तो मुळीच का उगवत नाही, हे याच सूत्रातून निघतं. एवढं एक उदाहरण स्वतः केलंत तर मागच्या प्रश्नपत्रिकांतले कितीतरी प्रश्न ओळखीचे वाटू लागतील.

दुसरं उदाहरण दिवसाच्या लांबीचं. २१ जूनला मुंबईत दिवस किती मोठा? त्याच सूत्राने १३ तास ९ मिनिटं येतात. वर्तमानपत्रातल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा घेतल्या तर दिवस सात-आठ मिनिटांनी जास्त भरतो. सूत्र बरोबरच आहे. सूर्योदय हा सूर्याची वरची कड दिसण्यावरून ठरतो, आणि वातावरणातून प्रकाश वाकतो म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाच दिसू लागतो. असे फरक शोधण्याची सवय या परीक्षेत फार कामाला येते.

तिसरं उदाहरण घड्याळाचं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. मुंबई ७२.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून मुंबईत सूर्य सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास याम्योत्तरावर येतो. प्रत्यक्षात मात्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून २२ मिनिटांना येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ५३ मिनिटांना. पृथ्वीच्या कक्षेचा लंबवर्तुळाकार आणि अक्षाचा कल, अशी यामागे दोन कारणं आहेत. त्यातलं कोणतं किती फरक पाडतं, ते शोधून काढा.

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस चुकवू नका. सूर्याची क्रांती तुमच्या अक्षांशाइतकी झाली की भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पणजीत हे मेच्या पहिल्या आठवड्यात घडतं, मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यावर, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. वेगवेगळ्या गावांतल्या मित्रांनी एकाच दिवशी सावली मोजली तर पृथ्वीचा परीघ निघतो. सावलीचा हा दिवस पावसाळ्यातही एकदा येतो, पण तेव्हा आपल्याकडे बहुधा ढग असतात.

सरतेशेवटी गोलीय त्रिकोणमितीची दोन सूत्रं, कोज्येचं आणि ज्येचं. पाठ करण्याआधी ती एकदा स्वतः सिद्ध करा.

## ४. गुरुत्वाकर्षण आणि कक्षा

केप्लरचे तीन नियम सगळ्यांना येतात, निदान म्हणता येतात. परीक्षेला लागतं ते त्यांच्या मागचं: कोनीय संवेग अक्षय्य का, लंबवर्तुळाकार कक्षेत एकूण ऊर्जा फक्त अर्ध-दीर्घ अक्षावर का अवलंबून, आणि कोणत्याही बिंदूवरचा वेग त्यातून कसा काढायचा. याच्या जोडीला मुक्तिवेग, भरती-ओहोटीचं बल, द्वैती ताऱ्यांचं वस्तुमानकेंद्र, आणि ग्रहांच्या युती-प्रतियुतीचा काळ. मंगळ साधारण ७८० दिवसांनी पुन्हा प्रतियुतीला, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध दिशेला, येतो. हा आकडा पृथ्वी आणि मंगळ यांच्या वर्षांवरून काढून पाहा.

सरावाला इस्रोच्या मोहिमा घ्या, कारण त्यांच्या तारखा आणि आकडे सहज मिळतात. पृथ्वीपासून मंगळापर्यंत कमीत कमी इंधनात जाणारी कक्षा म्हणजे दोन्ही कक्षांना स्पर्श करणारं लंबवर्तुळ. त्याचा अर्ध-दीर्घ अक्ष १ आणि १.५२ यांच्या सरासरीएवढा, म्हणजे १.२६ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर). केप्लरच्या तिसऱ्या नियमाने अर्ध्या फेरीला सुमारे २५८ दिवस लागतात. मंगळयान १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वीची कक्षा सोडून निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळापाशी पोचलं, म्हणजे जवळपास ३०० दिवस. फरक का पडला असेल? दोन्ही कक्षा वर्तुळं आहेत आणि एकाच प्रतलात आहेत असं आपण धरलं होतं, तिथून विचार सुरू करा.

सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य एल-१ हे यान आणखी एक सुंदर उदाहरण. पृथ्वीचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे तीन लाखावा भाग. त्या गुणोत्तराला तीनने भागून घनमूळ काढलं तर एक शतांश येतो. सूर्य-पृथ्वी अंतर १५ कोटी किलोमीटर, त्याचा शंभरावा भाग १५ लाख किलोमीटर. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने एवढ्या अंतरावर एल-१ हा बिंदू आहे, जिथलं यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहतं. आदित्य तिथेच आहे. हे सूत्र कुठून आलं ते स्वतः मांडून पाहा. तासभर जाईल, पण तो तास सत्कारणी लागेल.

## ५. प्रकाश: ताऱ्यांकडून आपल्याला मिळतं ते एवढंच

प्रतींचं गणित मुलांना नेहमी अडतं, कारण प्रत जितकी कमी तितका तारा तेजस्वी आणि मोजपट्टी लॉगॅरिदमची. पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाश शंभरपट, हे एकच वाक्य धरून सगळं बांधा. शनीवरून सूर्य किती प्रतीचा दिसेल? अंतर साडेनऊ पट, प्रकाश नव्वदावा हिस्सा, म्हणजे जवळपास पाच प्रतींनी मंद. सूर्य इथून उणे २६.७ प्रतीचा, तर तिथून उणे २१.८ च्या आसपास.

सापळा: दोन ताऱ्यांच्या प्रतींची थेट बेरीज करायची नसते. आधी प्रकाशात रूपांतर, मग बेरीज, मग पुन्हा प्रत. हा प्रश्न फिरून फिरून येतो.

याच गटात पराशय आणि अंतर, कृष्णिका प्रारण, वीन आणि स्टेफान-बोल्ट्झमन यांचे नियम, डॉप्लर परिणाम, वर्णपटातल्या रेषा. हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची लाल रेषा किती सरकली यावरून ताऱ्याचा वेग काढायची दोन-चार उदाहरणं करा. ग्रहाचं तापमान काढायचं उदाहरणही करा: सूर्याकडून किती ऊर्जा मिळते, किती परावर्तित होते, उरलेली ग्रह कशी बाहेर टाकतो.

दुर्बिणींचा अभ्यासही इथेच जोडून घ्या. नारायणगावजवळच्या खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. २१ सेंटिमीटर तरंगलांबीला एका तबकडीला पाव अंशाहून बारीक तपशील दिसत नाही, म्हणजे चंद्रबिंबाच्या साधारण अर्धा. सगळ्या मिळून मात्र दोन सेकंद कोनाच्या (एक सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आत जातात. तरंगलांबी भागिले व्यास, एवढ्या सूत्रातून हे निघतं. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं. जमल्यास जा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारा, ते आनंदाने उत्तरं देतात.

## ६. तारे, दीर्घिका, विश्व

ताऱ्यांसाठी हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृती नीट वाचता आली पाहिजे: तापमान उजवीकडे कमी होत जातं, आणि तारा मोठा होतो म्हणजे आकृतीत कुठे सरकतो. ताऱ्याचा दाब आणि गुरुत्व यांचा तोल, वस्तुमान-तेजस्विता संबंध, मोठे तारे लवकर का संपतात, श्वेतबटूची १.४ सौर वस्तुमानांची चंद्रशेखर मर्यादा, ग्रहणकारी द्वैती, सेफीड तारे. सूर्यमालेत ग्रहणं, अधिक्रमणं, धूमकेतू आणि आघातविवरं. आपलं लोणार सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. ते खोदायला किती ऊर्जा लागली असेल, याचा अंदाज बांधून पाहा.

दीर्घिका आणि विश्वरचना यांना पहिल्या वर्षी थोडा वेळ पुरतो. हबलचा नियम, रक्तविस्थापन, दीर्घिकेच्या भ्रमणवेगावरून अदृश्य वस्तुमानाचा अंदाज, २.७ केल्विनचं पार्श्वप्रारण. एवढं समजून घ्या आणि पुढे जा.

## ७. आलेख आणि आकडेवारी

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आणि शिबिरात आकडेवारीच्या विश्लेषणाची वेगळी परीक्षा असते. आपल्या मुलांना याची सवय नसते, कारण शाळेतले प्रयोग उत्तर आधीच माहीत असलेले असतात. आलेखाचा कागद आणा. सरळ रेषा हाताने बसवणं, उतार आणि त्यातली त्रुटी काढणं, लॉग-लॉग आलेख, सार्थ अंक, यांचा सराव करा.

आकडे कुठून आणायचे? भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून. दर महिन्याच्या संकष्टीला त्यात गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा छापलेल्या असतात. नागपूरचा चंद्रोदय मुंबईच्या आधी साधारण किती मिनिटं? रेखांशातला फरक सव्वासहा अंश, म्हणजे सुमारे २५ मिनिटं. आता बाराही महिन्यांचे फरक आलेखावर मांडा. ते दर महिन्याला सारखे नसतात. का नसतात, ते चंद्राच्या क्रांतीशी आणि दोन्ही शहरांच्या अक्षांशांशी जोडून दाखवा. पुढे एकाच शहराच्या चंद्रोदयाच्या वेळा वर्षभरासाठी मांडा. तिथी तीच असून चंद्र कधी साडेआठच्या आसपास तर कधी बराच उशिरा का उगवतो? हा प्रश्न मी मुलांना देतो तेव्हा आठवडा दोन आठवडे त्यांच्या घरी दुसरा विषय नसतो.

प्रत्यक्ष निरीक्षणातून आकडे हवे असतील तर ययातीतला अल्गोल हा तारा घ्या. तो दर २.८७ दिवसांनी २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत मंदावतो. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत नुसत्या डोळ्यांनी त्याची प्रत नोंदवत गेलात तर हिवाळ्याच्या अखेरीस तुमचा स्वतःचा प्रकाशवक्र तयार होतो.

## ८. आकाशाखाली उभं राहा

आयओएएत निरीक्षणाची स्वतंत्र फेरी असते: आकाश किंवा तारांगणाचा घुमट दाखवून तारे ओळखायला सांगतात, कोन आणि प्रती अंदाजायला लावतात, दुर्बीण एखाद्या वस्तूवर लावायला सांगतात. ही तयारी शेवटच्या महिन्यात होत नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश झाकलेलं असतं, म्हणून ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या रात्री मोलाच्या.

आपल्या पंचांगाचा इथे फार उपयोग होतो. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जातो. शुद्ध अष्टमीला तो सूर्याच्या ९० अंश पूर्वेला, म्हणून सूर्यास्ताला याम्योत्तराजवळ आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, गोकुळाष्टमीला हे दरवर्षी बघता येतं. महिन्यांची नावंही कामाची आहेत. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो. कृत्तिकांचा विषुवांश पावणेचार तास, मग सूर्य बरोबर समोर, पावणेसोळा तासांच्या आसपास. म्हणजे नोव्हेंबरचा उत्तरार्ध. चैत्राला चित्रा घेऊन हेच गणित करा, एप्रिलचा मध्य मिळेल. महिना सांगितला की मध्यरात्री माथ्यावर कोणता विषुवांश असेल, हे काही आठवड्यांत तोंडावर येतं.

मोठा सापळा: पंचांगातल्या राशी निरयन असतात, आजच्या वसंतसंपातापासून मोजलेल्या नसतात. दोन्हींत सध्या सुमारे २४ अंशांचं अंतर आहे. म्हणून मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास येते, तर सूर्याचं उत्तरेकडे सरकणं २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. परीक्षेत क्रांती काढताना संक्रांतीची तारीख वापरलीत तर उत्तर चुकणार. संपात ७२ वर्षांत एक अंश सरकतो, यावरून दोन्ही मोजणी कधी जुळत होत्या ते काढा.

ताऱ्यांची नावं दोन्ही प्रकारे लिहून ठेवा: व्याध सिरियस, रोहिणी अल्डेबरान, काक्षी बीटलग्यूज, मघा रेग्युलस, चित्रा स्पायका, स्वाती आर्क्टुरस, ज्येष्ठा अँटारेस, अभिजित व्हेगा, श्रवण अल्टेअर, ब्रह्महृदय कॅपेला. उत्तरपत्रिकेत आंतरराष्ट्रीय नाव लागतं. तेजस्वी ताऱ्यांपैकी वीस-पंचवीस ताऱ्यांचे विषुवांश आणि क्रांती ढोबळमानाने पाठ असाव्यात.

कोन हाताने मोजा: हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश, करंगळी एक अंश. मोबाइलमधलं नक्षत्रं दाखवणारं अॅप पहिले दोन महिने उघडू नका. आधी नकाशावरून शोधा, मग अॅपवर पडताळा. शहरात राहत असाल तर मुंबईचं खगोल मंडळ, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (ही १९४४ पासून काम करते आहे) यांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना जा. अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून एका रात्रीत जे शिकता येतं, ते एकट्याने शिकायला महिना जातो.

जवळ असू द्या: फिरतं नक्षत्रचक्र, ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर), लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी, वही, पेन्सिल. पहिल्याच वर्षी महागडी दुर्बीण घेऊ नका, हे आई-बाबांनाही वाचून दाखवा. घरच्या संगणकावर स्टेलारियम ही मोफत प्रणाली टाकून घ्या. पावसाळ्यात तीच तुमचं आकाश.

## ९. जुन्या प्रश्नपत्रिका

आयएनएओच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आयओएएच्याही मिळतात. महागड्या वर्गाला पैसे भरण्याआधी त्या सगळ्या संपवा.

पद्धत अशी ठेवा. एक प्रश्न घ्या, आकृती काढा, अडलात तरी निदान एक दिवस उत्तर पाहू नका. रस्त्याने चालताना, आंघोळ करताना तो डोक्यात राहू द्या. मग उत्तर पाहा आणि दुसऱ्या दिवशी वही बंद ठेवून पुन्हा लिहा. नुसतं उत्तर वाचलं की समजल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेत तोच प्रश्न थोडा फिरवून आला की हात थांबतो. वेळ लावून सराव करायचा तो एनएसईएसाठी, ऑक्टोबरपासून. आयएनएओसाठी वेगापेक्षा मांडणी महत्त्वाची: काय गृहीत धरलं ते लिहा, एकक लिहा, आणि उत्तर शक्य कोटीतलं आहे का ते शेवटी तपासा.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी पहिल्या दिवसापासून इंग्रजी प्रश्न वाचायची सवय लावावी. समजून घ्यायला मराठी, उत्तर लिहायला इंग्रजी, असं चालतं. माझ्या ओळखीची अनेक मुलं असंच करत गेली.

## १०. कागदपत्रं

अर्ज भरतानाच एका पाकिटात हे जमवून ठेवा: जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचं किंवा महाविद्यालयाचं ओळखपत्र, बोनाफाईड दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि प्रत्येक टप्प्याचं छापलेलं प्रवेशपत्र. परीक्षा केंद्रावर फोटो असलेलं मूळ ओळखपत्र न्या, मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबू नका.

भारतीय पासपोर्टचा अर्ज आयएनएओ झाली की लगेच करा, निवड होईपर्यंत थांबू नका. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापतात, आधारवर नाव आधी, आणि जन्मदाखल्यावर कधी कधी वडिलांचं नावच नसतं. इंग्रजी स्पेलिंगमध्येही एखादं अक्षर इकडेतिकडे होतं. हे सगळं एकसारखं करून घ्यायला आठवडेच्या आठवडे लागतात, आणि निवड शिबिर नेमकं एप्रिल-मेमध्ये, बाकीच्या प्रवेशपरीक्षांच्या गर्दीत येतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत सगळी कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवून नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग अक्षरागणिक जुळवून पाहा, आणि फरक दिसला तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या.